तळाचा रस

त्या भागात माणसांची वयं सालावर मोजत नसत, पिकावर मोजत. कुणी वेलींवर भुरी रोग पडला त्या वर्षी जन्मलेला, कुणाचं लग्न दुप्पट पिकाच्या वर्षी झालेलं. साखरबाई गारांच्या वर्षीची. वायनरीच्या टाक्या निम्म्या रिकाम्या आणि द्राक्षांचा भाव आभाळाला, असं ते वर्ष होतं. "बाई जन्मल्या नि भाव चढला, तो अजून उतरायला तयार नाही," असं वायनरीच्या भुईकाट्यावर ट्रॉल्या तोलणारा काटेवाला तिला चिडवायचा. चाळिशी उलटली तरी तिचं लग्न झालं नव्हतं ना, म्हणून. तीही ऐकून घेणारी नव्हती. "तू आपला तोलत बस. माझं वजन तुझ्या काट्याला पेलायचं नाही."

साखरबाई हे अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. वायनरीच्या फाटकात द्राक्षांची ट्रॉली आली की ती लोखंडी मचाणावर चढायची, लांब पोकळ नळी द्राक्षांत खुपसायची आणि आलेल्या रसाचे दोन थेंब काचेवर टाकून यंत्र डोळ्याला लावायची. मग साखरेचा आकडा खणखणीत आवाजात सांगायची. बावीस म्हटलं की एक भाव, तेवीस म्हटलं की त्याच्या वरचा. नळीच्या वरच्या टोकाजवळ पितळी कडं होतं. नळी त्या कड्यापर्यंत गेली पाहिजे असा नियम, कारण वरची द्राक्षं तोंडदेखली असतात. ट्रॉलीचं खरं पोट तळाशी. तळाचा रस आंबला असेल तर माल परत. आंबलेला माल टाकीत गेला तर शंभर घरांची द्राक्षं नासतात. तिच्या आकड्यावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती.

ती राहायची दादाकडे. वडील गेले तेव्हा ती सात वर्षांची होती आणि दादाला नुकती मिसरूड फुटत होती. पाठीवर टोपली, टोपलीत घड आणि घडांवर ही बसलेली, असा तो उतारावरून खाली यायचा. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाली, "नणंद वगैरे मला जमणार नाही. मुलगी म्हणून राहणार असेल तर राहू दे." तशीच ती राहिली. उतारावरची बाग वडिलांच्या हातची. वेलींची खोडं माणसाच्या मांडीएवढी झालेली, साल सुटलेली, पण वेली दरवर्षी वेळेवर फुटायच्या.

गेल्या वर्षी थंडीने कोवळे कोंब जळाले. पीक निम्म्यावर आलं आणि भाव चढला. त्यातही ज्याच्या द्राक्षांत साखर जास्त, त्याला सोन्याचा भाव. यंदा सगळं उलटं. पाऊस वेळेवर, गारा नाहीत, कीड नाही, वेलीवर पानांपेक्षा घड जास्त. एरवी माणसाने देवाकडे हेच मागितलं असतं. पण पीक वाढेल तसा भाव पडेल, हे त्या भागात लहान पोरालाही ठाऊक. पलीकडच्या टेकडीवर दोन-तीन जणांनी बागाच काढून टाकल्या होत्या. वेली उपटायचं मशीन घेऊन एक माणूस घरोघर विचारत फिरत होता.

"यंदाचा माल टाकीत गेला तर वेली राहतील," दादा जेवायला बसताना म्हणाला. "नाही गेला, तर उतार मोकळा करायचा. मशीनवाल्याला सांगून ठेवलंय."

"अहो, भरल्या ताटावर असलं अभद्र बोलू नका," वहिनी म्हणाली.

"अभद्र नाही, हिशेब आहे. आणखी एक वर्ष तोट्यात ओढायचं अंगात बळ नाही माझ्या." मग बहिणीकडे वळून त्याने विचारलं, "काय गं, काढू का द्राक्षं?"

तिने सकाळीच बागेत जाऊन मणी काचेवर चिरडून बघितले होते. "साखर एकवीस भरलीय. चार दिवस थांब, दादा. वरच्या भावात जाईल."

ते खरंच होतं. पण त्या आठवड्यात असं विचारणारा दादा एकटा नव्हता. कामावर जाताना तिला कुंपणाकुंपणावरून हाका यायच्या. "साखरबाई, जरा आमचे मणी बघता का?" वरच्या वाटेवरच्या जुळ्या भावांनी विचारलं, शिवणकाम करणाऱ्या मावशींनी विचारलं, काटेवाल्याच्या सासऱ्यानेही विचारलं. ती प्रत्येकाच्या बागेत शिरली, प्रत्येकाचे मणी चिरडले आणि प्रत्येकाला प्रामाणिकपणे सांगितलं, "चार दिवस थांबा."

सगळे थांबले. आणि मग सगळे एकाच दिवशी आले.

ट्रॅक्टरांची रांग फाटकापासून शाळेपर्यंत गेली आणि तिथून पूल ओलांडून पलीकडे. डोक्यावर ऊन असं, की ट्रॉलीच्या पत्र्याला हात लावला तर भाजावा. एका टाकीतला रस उकळी आल्यासारखा फसफसत असायचा, दुसरी धुतली जात असायची, आणि रांग मुंगीच्या पावलाने सरकायची. तोडलेली द्राक्षं घरी नेऊन काय करणार? म्हणून कुणी रांग सोडत नव्हतं. वरच्या वजनाने तळचे घड फुटत होते. फळ्यांच्या फटींतून रस गळत होता आणि त्यावर गांधीलमाश्या घोंघावत होत्या. कुणी ओली पोती पसरत होतं, कुणी माल आंबू नये म्हणून गंधकाची पूड भुरभुरवत होतं. काटेवाला फाटकावरच्या फळ्यावरचा भाव पुसून खालचा भाव लिहायचा, तेव्हा रांगेतली माणसं मुद्दाम दुसरीकडे बघायची.

जुळ्यांतला थोरला मचाणाखाली येऊन ओरडला, "थांबा म्हणालात, थांबलो! आता पुढचं सांगा की!"

"साखर पुरती भरली नव्हती, भाऊ. खोटं नाही सांगितलं मी."

"खोटं कोण म्हणतंय? पण सगळ्यांनाच खरं सांगत सुटलात होय? दोघांशी तरी लबाडी करायची होतीत!"

रांगेत हशा पिकला, कोरडा. तिला हसू आलं नाही. मचाणावरून तिला पुलापर्यंतचे ट्रॅक्टर दिसत होते आणि एकेकाची बाग तिला आठवत होती. प्रत्येकाच्या बागेत तिचा शब्द बरोबर होता. सगळ्या बागा मिळून किती टाक्या भरतील, हे मात्र तिने मनात एकदाही मांडलं नव्हतं.

दादाचा निळा ट्रॅक्टर पुलावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वायनरीच्या टाक्या सांभाळणाऱ्या मास्तरांकडे गेली. "मास्तर, मागच्या अंगणातली जुनी सिमेंटची टाकी उघडा ना."

"तिला तडा गेलाय, बाई. रस जमीन पिऊन टाकेल."

"मेण लावू. मी लावते. रात्रभर बसते."

"आणि उद्या कुणाचं पोट बिघडलं तर?" ते म्हणाले, पण आवाजात राग नव्हता. "मी नदीपलीकडच्या तिन्ही वायनऱ्यांना फोन केलेत. तिथेही हीच गत आहे. शेवटची टाकी उरलीय, तीही अर्धी भरली. जितका चांगला माल येईल तितका घ्या आणि देवाचं नाव घ्या."

देवाचं नाव ती कालपासून घेतच होती. ढग धाड म्हणाली, वारा सोड म्हणाली. शेवटी, दादाची ट्रॉली तेवढी राख, असं मनात आलं, आणि पुढच्या क्षणी तिला स्वतःचीच लाज वाटली. पुलावरच्या प्रत्येकाची बहीण हेच मागत असणार.

ऊन कलल्यावर निळा ट्रॅक्टर मचाणापाशी आला. वहिनी ट्रॉलीच्या कडेवर बसून ओल्या पोत्याने माश्या हाकत होती, तिचे हात कोपरापर्यंत चिकट झाले होते. दादा खाली उभा होता. दोन दिवसांत त्याचे गाल आत गेले होते.

तिने नळी लावली. निम्म्यापर्यंत ती अलगद गेली. पहिले थेंब काचेवर घेतले, यंत्र डोळ्याला लावलं. चोवीस. या हंगामात चोवीस एकाही ट्रॉलीला आलं नव्हतं.

"थांब," वहिनी अगदी हळू म्हणाली. "एवढ्यावर थांब गं. कुणी बघत नाहीये."

खरंच कुणी बघत नव्हतं. काटेवाल्याने पाठ फिरवली होती. मुद्दाम फिरवली, हे तिला कळलं. शेवटच्या टाकीतली उरलेली जागा वाट बघत होती. तिने दादाकडे बघितलं. तो काही तरी म्हणेल असं तिला वाटलं. हो म्हण किंवा नाही म्हण, पण बोल. तो जमिनीकडे बघत राहिला.

शेवटच्या टाकीत कालपासून मावशींची द्राक्षं होती. जुळ्यांची होती. काटेवाल्याच्या सासऱ्याची होती.

तिने नळीवर अंगाचा भार टाकला. पितळी कडं द्राक्षांना टेकलं. नळी वर आली ती फेस घेऊनच, आणि त्या वासाने वहिनीने पदर तोंडाला लावला.

"आंबलंय," साखरबाई म्हणाली. मग काट्यापर्यंत ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाली, "आंबलंय. परत."

काटेवाला नेहमी मोठ्याने "वळवा!" म्हणायचा. आज तो नुसता हात हलवून बाजूला झाला. दादाने ट्रॅक्टर वळवला. वहिनी ट्रॉलीवरून उतरली नाही. पोतं मांडीवर घेऊन तशीच बसून गेली. वायनरीच्या मागे परत केलेला माल ओतायला खड्डा खणलेला होता, तिकडे.

मागची ट्रॉली मचाणाला लागली. मावशींची दुसरी खेप. साखरबाईने नळी पाण्याने धुतली आणि पुन्हा कड्यापर्यंत घातली.

घरी आली तेव्हा वहिनी चुलीपुढे बसली होती, चूल पेटलेली नव्हती. "जा, उतारावर आहेत," एवढंच म्हणाली.

दादा वडिलांनी लावलेल्या पहिल्या रांगेत, एका खोडाला पाठ टेकून बसला होता. ती शेजारी बसली. आपण काहीतरी बोललं पाहिजे हे तिला कळत होतं. माफी माग, म्हणत होती स्वतःला.

"साखर किती भरली होती?" दादानेच विचारलं.

"दादा..."

"वरच्या रसाची गं. तू बघितलीस. यंत्र डोळ्याला लावलंस तेव्हा मी खालून बघत होतो तुझ्याकडे."

"चोवीस."

मग त्याने हात मागे नेऊन खोडाची सुटलेली साल चाचपली. "चोवीस," तो म्हणाला. "बाबांच्या हयातीत कधी तेवीसच्या वर गेली नाही."

खालच्या रस्त्यावर कुणाचा तरी ट्रॅक्टर रिकामा परतत होता, ट्रॉली खडखडत.

"मशीनवाला सकाळी येतोय," दादा म्हणाला. "तू कामावर लवकर जा उद्या. इथे थांबू नकोस."