भांगाच्या दिवशी आखलेली रेघ

त्र्यंबक गेल्याचे पत्र कल्याणहून आले तेव्हा मी पंचांग पाहत होतो. मृत्यूची बातमी वाचून माणसाला आधी रडू यावे, निदान जुना चेहरा तरी आठवावा. मला पहिला विचार सुचला तो असा, की अमावास्येला चारच दिवस उरले आहेत, आता बांधावर कोण जाणार? दुसऱ्याच क्षणी माझी मला लाज वाटली. पण तो विचार काही मनातून गेला नाही. आज सहा आठवडे झाले तरी गेलेला नाही. म्हणूनच हे लिहायला बसलो आहे. कळव्याच्या पलीकडच्या त्या खाडीकाठच्या गावाचे नाव मी लिहिणार नाही आणि तिथल्या माणसांची नावे मी बदलली आहेत. असे का केले, ते वाचकांना शेवटी कळेल.

आमची ओळख पुण्याच्या कॉलेजातली. तो कऱ्हाडकडचा आणि मी अलिबागकडचा. जमीन मोजणे, तिचा नकाशा काढणे, तिची प्रत ठरवणे ही विद्या तेव्हा नवी होती. ती शिकणाऱ्याला घरचे लोक विचारीत, 'शिकून पुढे काय, साखळी ओढणार?' खरोखर साखळीच ओढायची होती. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी, तिचे सोळा भाग, प्रत्येक भागाला म्हणायचे आणा. ओढून ओढून कड्या ताणतात आणि साखळी लांबते, म्हणून रोज सकाळी ती जमिनीतल्या दोन दगडी खुणांवर ताडून पाहायची, असे आमचे गुरुजी सांगत. आम्ही आठवड्यातून एकदा पाहत होतो. त्र्यंबक मात्र रोज पाहायचा. त्याला चुकीची लहानपणापासून धास्ती. उत्तर बरोबर आले तरी गणित पुन्हा करायचा आणि दोन्ही उत्तरे जुळली की तिसऱ्यांदा करायचा. 'अरे, जमीन काय रात्रीतून पळून जाते?' असे म्हणून मी त्याला चिडवीत असे. त्याने मला 'कोकण्या' म्हणावे आणि सगळ्या वर्गाने माझ्या बोलण्याची नक्कल करावी, हा त्याचा सूड. त्या नकलांना मी इतका भ्यायलो होतो, की वर्षभरात मी अगदी पुणेरी बोलायला लागलो. घरचे शब्द तोंडातून निघू नयेत म्हणून जपू लागलो. या जपण्याची गोष्ट पुढे यायची आहे.

परीक्षेनंतर कोणी बांधकाम खात्यात ओव्हरसियर झाला, कोणी एका जहागिरीचा कारभार पाहू लागला. मी ठाण्याच्या कचेरीत लागलो. सरकारी कामाला किंवा आगगाडीला जमीन लागली, की तिची किंमत ठरवून कागद तयार करणाऱ्या टेबलावर मला बसवले. त्र्यंबक मोजणी खात्यात गेला. पहिल्या वर्षी त्याने डोंबिवलीकडची भातशेते मोजली. दुसऱ्या वर्षी त्याला खाडीकाठ मिळाला. भरतीचे पाणी जिथवर चढते तिथवरची जमीन सरकारची आणि त्याच्या वरची कसणाराची. ती रेघ आखायची होती. समुद्र त्याने तोपर्यंत फक्त आगगाडीच्या खिडकीतून पाहिला होता.

ते काम संपवून तो ठाण्याला आला. खाणावळीत आम्ही जेवायला बसलो आणि त्याने हसत हसत गोष्ट सांगितली. गावातला इनास म्हणून एक ख्रिस्ती शेतकरी त्याच्याबरोबर रेघ दाखवायला आला होता. त्र्यंबकने विचारले, पाणी कुठवर येते? तर इनास म्हणाला, 'आज नाय कलनार, सायेब. आज भांग हाय.' सकाळी सकाळी भांग! त्र्यंबकने त्याला समजावले, की बाबा रे, प्यायला असशील तर घरी जाऊन नीज. मग त्याने त्या दिवशीच्या भरतीची ओल पाहिली, तिच्यावर स्वतः खुंट्या ठोकल्या, साखळी दोनदा फिरवली आणि रेघ आखली.

सगळी पंगत हसली. मीही हसलो.

मला भांग म्हणजे काय ते माहीत होते. आमच्याकडे शेंबडे पोरसुद्धा सांगेल. अमावास्या-पौर्णिमेला येते ते उधाण आणि अष्टमीच्या सुमारास पाणी जेमतेम चढते तो भांग. इनास काही प्यायला नव्हता. आज पाणी वर येणार नाही, आज मोजू नका, असे तो सांगत होता. हे मला त्याच क्षणी कळले. माझ्या हातातला घास तसाच राहिला. पण समोर चार पुणेकर बसले होते. 'भांग' हा शब्द मी समजावून सांगितला असता तर पुन्हा 'कोकण्या' सुरू झाले असते. म्हटले, याने पुढे कोणाला तरी विचारले असेलच. वरचे साहेब तपासतीलच... आणि मी ताक मागितले.

वरच्या साहेबांनी साखळी तपासली. साखळी बिनचूक होती.

तीन वर्षांनी आगगाडीच्या कामाला त्या गावची उंचावरची जागा लागली. इनासचे घर नेमके तिथे होते. कागद माझ्या टेबलावर आला. त्र्यंबकचा नकाशा उघडून मी पाहिले, तर खालच्या अंगाला इनासच्या नावावर चांगली कोरडी जमीन दाखवलेली होती. खाणावळीतला तो घास मला आठवला नाही, असे मी म्हणणार नाही. आठवला. पण नकाशावर सही होती, शिक्का होता. मी इनासला बोट ठेवून दाखवले, 'ही तुमची जागा. इथे बांधा घर.' तो बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, 'सायेब सांगल तसा.' मी ते कबुलीचे बोलणे समजलो.

त्यानंतरच्या श्रावणात एका दुपारी त्र्यंबक कचेरीत आला. चेहरा पांढराफटक. कामासाठी तो त्या बाजूने जात होता आणि त्याने इनासच्या नव्या घराच्या पायरीला पाणी लागलेले पाहिले होते. खुर्चीवर न बसताच त्याने मला विचारले, 'बापू, तुमच्याकडे भांग म्हणजे काय रे?'

मी सांगितले.

'तुला तेव्हा ठाऊक होते?'

मी मान डोलावली. तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर फार बरे झाले असते... त्याने फक्त टेबलाची कड घट्ट धरली आणि म्हणाला, 'घरात चार मुले आहेत त्यांच्या.'

त्या दिवसापासून आमच्या दोघांच्या आयुष्यात ही भीती शिरली. चूक कळवावी, तर रेघ वर सरकणार आणि इनासचे शेत व घर दोन्ही सरकारजमा होणार. न कळवावी, तर एखाद्या उधाणाला वारा उलटा फिरून बांध फुटला की ती माणसे वाहून जाणार. त्र्यंबकने कबुलीचा अर्ज लिहिला. माझ्यासमोर वाचला आणि घडी घालून ठेवला. नोकरी जाईल ही भीती त्याला नव्हती असे नाही, पण ती दुय्यम होती. 'माझ्या एका चुकीने त्यांना जमीन मिळाली. ती दुरुस्त करायला गेलो तर ते उघड्यावर पडतील,' असे तो म्हणे. अर्ज तसाच राहिला. दर वर्षी तो नव्याने लिहायचा, कारण तारीख जुनी होई.

अर्ज देता आला नाही म्हणून त्याने पहारा धरला. प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला, भर दुपारी पाणी चढायच्या वेळेला, तो काळी छत्री घेऊन त्या बांधावर उभा राही. खात्यात त्याला 'पंचांगराव' म्हणू लागले. छत्रीच्या दांड्यावर त्याने चाकूने खाचा पाडल्या होत्या. ती पाण्यात बुडवून तो उंची पाही. घराकडे तो कधी गेला नाही. कोणत्या तोंडाने जाणार? लांबूनच भिंत पाही आणि ठाण्यात उतरून मला सांगून मग कल्याणची गाडी धरी. 'भिंतीला ओल नाही, बापू. घर नुकतेच सारवलेले दिसले. किती टापटिपीची माणसे! पाणी अजून आत शिरलेले नाही.' हे सांगताना त्याचा चेहरा जरा मोकळा होई. पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघे त्या सारवलेल्या भिंतीवर जगत असू.

मग त्याला हिवताप झाला. मी शेवटचा भेटलो तेव्हा ग्लानीत होता. माझा हात धरून विचारले, 'आज तिथी कोणती?' मी अष्टमी म्हणून सांगितले. खरे तर त्या दिवशी पौर्णिमा होती. 'भांग आहे म्हणजे,' असे म्हणून तो निजला. त्यानंतर आठवड्याने तो गेला. दिवस झाल्यावर वहिनींनी त्याची छत्री मला आणून दिली. 'यांनी तुम्हाला द्यायला सांगितली होती. का, ते मला ठाऊक नाही,' असे त्या म्हणाल्या.

परवा द्वितीयेला मी ती घेऊन गेलो. बांधावर फक्त उभे राहायचे असे ठरवले होते. पण मला तेवढा धीर नाही आणि त्र्यंबकसारखा गप्प राहण्याचा वकूबही नाही. मी सरळ घराकडे चाललो. इनास आता म्हातारा झाला आहे. त्याची बायको कत्रीन बाहेरची भिंत सारवत होती, कोपरापर्यंत हात शेणाने भरलेले. छत्री पाहताच ती उठली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिच्या मागे, सारवण अजून पोचले नव्हते तिथे, गुडघ्याच्या उंचीवर पाण्याची काळी रेघ होती.

'दुसरा सायेब आला,' ती नवऱ्याला म्हणाली.

मी विचारले, पाणी घरात शिरते का? कत्रीन भिंतीला आणखी चिकटली. मग मी त्र्यंबक वारल्याचे सांगितले. रेघेची चूक सांगितली, माझे हसणेही सांगितले. इनास खाली बसला.

'आमाला पयल्यापासून ठाव हाय, सायेब. रातचा पानी दिवसाच्याहून मोठा, आत येतंय. भात माल्यावर नेतो, पोरा माल्यावर. सकालची ही उठून सारवतंय. तो छत्रीवाला सायेब येवाच्या आत भित सुकली पायजे.'

'पण का?'

'त्यानं ओल पायली तर रेघ फिरवल. जमीन जायल.' तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. 'लय भ्यायलो आमी त्याला. बांधावर उभा ऱ्हायला का पोरा रडाची थांबत.'

त्र्यंबकच्या भीतीला मी वीस वर्षे ओळखत होतो. त्र्यंबकची कोणाला भीती वाटत असेल, हे मात्र माझ्या स्वप्नातही आले नव्हते. मी म्हटले, मी कोणाला काही सांगणार नाही, पण घर तेवढे वर हलवा.

'वरची जागा तर तुमीच घेतली ना, सायेब,' इनास म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

कॉलेजातली तरुण मुले हल्ली माझ्याकडे येतात, जमिनीचे शिकून पुढे कोणकोणती कामे मिळतात म्हणून विचारतात. मी त्यांना खाती सांगतो, परीक्षा सांगतो, साखळी रोज ताडून पाहा म्हणून सांगतो. गावातला माणूस बोलला तर हसू नका, हे सांगायला जातो आणि पुन्हा साखळीवरच येतो.

छत्री माझ्या खोलीच्या कोपऱ्यात उभी आहे. पंचांग समोर उघडे आहे. पौर्णिमा अकरा दिवसांवर आली. बांधावर गेलो नाही, तर इथे बसून मला भीतीने वेड लागेल. आणि गेलो, तर कत्रीनला त्या दिवशीही पहाटे उठून भिंत सारवावी लागेल.