ठाण्याकडचा काठ

साहेबांनी सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. आमचं ऑफिस मुलुंडला एका औद्योगिक गाळ्यात आहे. खाली पुठ्ठ्याचे खोके बनतात, वर आम्ही जमिनीची मोजणी करून रस्त्यांचे आणि नाल्यांचे नकाशे बनवतो. नवीन काम देणारी कंपनी अंधेरीची होती आणि तिला नुसते नकाशे नको होते. मोजणीच्या मशीनमधून निघालेली फाइल त्यांच्यासमोर, जशीच्या तशी, त्यांच्या नव्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये टाकायची आणि रेषा आपोआप उमटल्या पाहिजेत, अशी त्यांची अट होती.

"चाचणीला विक्रोळीचा एक नाला दिलाय," साहेब म्हणाले. "जमलं तर पुढची कामं आपली. नाही जमलं तर ठाण्यात एक एजन्सी आहे, त्यांना हे सगळं येतं. मोजणी त्यांच्याकडे देऊ आणि आपली पार्टी बंद करू."

पार्टी म्हणजे मोजणीची टोळी, चार माणसं. तिचा प्रमुख माझ्याहून थोडा मोठा, मूळचा मालवणकडचा, राहायला घाटकोपरला. आम्ही दोघं एकाच सुमाराला इथे लागलो. तो उन्हात, मी पंख्याखाली, यावरून तो मला अजून टोमणे मारतो. पार्टी बंद झाली तर या वयात त्याला दुसरीकडे कोणी घेणार नव्हतं. हे साहेबांना माहीत होतं, मलाही होतं. त्याला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"म्हणजे कॉम्प्युटर मला काढतोय," तो म्हणाला.

"अजून नाही. आधी कोड शिकायचेत."

"म्हातारपणी माका शाळेत घालतंस गो बाय?"

"घालते. वेळेवर यायचं."

आमची जुनी पद्धत अशी होती. मशीन तिपाईवर उभं करायचं, त्यामागे हा. समोर एक माणूस, टोकाला प्रिझम, म्हणजे मशीनचा किरण परत पाठवणारी काच, लावलेली काठी घेऊन, जागोजागी उभा राहणार. प्रत्येक जागेचा मशीनमध्ये एक ठिपका पडतो आणि त्याला हा एक छोटा कोड देतो: भिंत, खांब, झाड, नाल्याचा काठ. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये माझ्यासमोर फक्त ठिपके यायचे. मग संध्याकाळी हा चहा घेऊन शेजारी बसायचा. "इथून इथपर्यंत ओढ. हा सोड, इथे फाटक आहे. हा कोणता? हां, तिथे कुत्रा बसलेला, म्हणून थोडा बाजूला घेतला." मी रेषा जोडायचे. अर्धा नकाशा मशीनमध्ये आणि अर्धा त्याच्या डोक्यात असायचा, आणि ते आम्हाला कधी खटकलं नाही.

नवं सॉफ्टवेअर कोणाला विचारत नाही. एकाच कोडचे ठिपके ज्या क्रमाने घेतले, त्या क्रमाने ते जोडत जातं, आणि त्या रेषांवरून जमिनीचा चढउतारही स्वतःच ठरवतं. मी अंधेरीला त्यांचा वर्ग केला. वर्गात सगळी माझ्या मुलीच्या वयाची मुलं होती. परत आल्यावर एक जुनी फाइल त्यात टाकून पाहिली. पडद्यावर नाल्याऐवजी खाटेची नवार विणलेली दिसली. रेघा या काठावरून त्या काठावर, त्या काठावरून या काठावर.

कारण उघड होतं. आमचा काठीवाला नाला ओलांडत ओलांडत पुढे जायचा. हा काठ, तळ, तो काठ. चार पावलं पुढे. तो काठ, तळ, हा काठ. घाणीतून चालणं कमी होतं. पद्धत चांगलीच होती, फक्त दोन्ही काठांना कोड एकच होता.

"दोन कोड कर," मी म्हटलं. "डावा आणि उजवा."

"कोणाचा डावा? माझा की त्याचा? तो माझ्याकडे तोंड करून उभा असतो."

बरोबर होतं. मग त्यानेच सुचवलं, आणि मलाही ते एकदम पटलं. आमच्या बाजूला कोणी डावं-उजवं म्हणत नाही. रस्ता असो, प्लॅटफॉर्म असो, इमारतीचा जिना असो, बाजू दोनच: ठाण्याकडची आणि मुंबईकडची. नाले डोंगरावरून निघून खाडीला जातात, म्हणजे प्रत्येक नाल्याचा एक काठ ठाण्याकडे आणि दुसरा मुंबईकडे. रस्त्यावरच्या रिक्षावाल्याला विचारलं तरी सांगेल. आम्ही कोडच तसे केले. काठीवाला ओरडायचा, "ठाणे!" हा मशीनवर टाइप करायचा. "मुंबई!" हा टाइप करायचा. ऑफिसमागच्या गटारावर करून पाहिलं. दोन रेषा सरळ, स्वच्छ, शेजारी शेजारी. त्या दिवशी त्याने सगळ्यांना वडापाव दिला.

विक्रोळीच्या नाल्याची मोजणी झाली. चाचणीच्या आदल्या दुपारी फाइल माझ्याकडे आली. मी ती टाकली. रुळांखालून नाला बाहेर येतो तिथपासून दोन्ही काठ झकास चालले होते. पुढे एका कारखान्याच्या भिंतीला लागून नाला वळतो, आणि तिथे सगळं फिसकटलं. दोन्ही रेषा एकमेकींना छेदत होत्या, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सॉफ्टवेअरने त्यावरून जमीन बनवली तर तिथे नालाच नव्हता. बुजवून टाकल्यासारखी सपाट जागा होती.

मी त्याला फोन लावला. तो कुर्ल्याला दुसऱ्या कामावर होता.

"वळणानंतर ठाण्याकडचा काठ कुठला धरलास?"

"रुळांकडचा. तिकडनंच ठाण्याच्या गाड्या जातात ना."

"आणि काठीवाल्याने?"

फोन बाजूला करून त्याने काठीवाल्याला विचारलेलं मला ऐकू आलं. काठीवाला कुर्ल्याच्या जुन्या गावठाणातला, शांत माणूस. त्याने खाडीकडचा काठ धरला होता. वळणाआधी जो काठ ठाण्याकडचा होता, त्यालाच तो वळणानंतरही ठाणे म्हणत आला होता. कधी मशीनवाल्याने त्याचं ऐकून टाइप केलं, कधी "हा चुकला" म्हणून मनाने बदललं. वळणानंतर तो नाला रुळांना समांतर जातो. तिथे ठाण्याकडचा काठ नसतोच. एक रुळांकडचा आणि एक खाडीकडचा. दोघांनीही आपापल्या जागी बरोबरच ठरवलं होतं.

"वाट लागली," तो म्हणाला. मग लगेच, "तूच बदल ना. फाइलमध्ये कोड फिरव. कोणाला कळणार?"

"कुठला ठिपका कुठल्या काठाचा, सांग."

"सांगतो ना. येतो संध्याकाळी, बसू."

"सगळे आठवतील?"

"बहुतेक."

"त्या 'बहुतेक'वर ते लोक नाल्याची भिंत बांधणार आहेत रे. आणि त्यांना मशीनमधली फाइल हवी आहे, माझी नाही."

"उद्या जमलं नाही तर माझी नोकरी जाते, तुझी नाही," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. मला त्याचा चढलेला आवाज परवडतो.

मी सांगितलं, की सकाळी उजाडल्या उजाडल्या वळणापासून पुढचं पुन्हा मोजायचं. चाचणी दुपारी आहे. तो म्हणाला, सकाळी भरती आहे. मी म्हटलं, मग पाणी चढायच्या आत. आणि मी पण येते.

साहेबांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तेव्हाच ठाण्याला फोन केला असता.

सकाळी ऑफिसची गाडी आम्हाला कारखान्याच्या भिंतीपाशी सोडून गेली. मी लॅपटॉप पिशवीत घेऊन एका दगडी कठड्यावर उभी राहिले. मी वर्गात दिलेला नियम पक्का करून आले होते: पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करायचं, मग डावा हात तो डावा काठ. यात वाद नाही. तसं मी त्यांना समजावलं.

काठीवाल्याने खाली वाकून पाण्याकडे पाहिलं. "बाई," तो म्हणाला, "पाणी तर डोंगराकडे चाललंय."

खरंच चाललं होतं. खाडीचं पाणी आत शिरत होतं, वर तरंगणाऱ्या पिशव्या आमच्या डोळ्यांसमोरून उलट्या, रुळांकडे निघाल्या होत्या.

पार्टीप्रमुख मशीनमागून हसला. "आता पाण्याला पण शाळेत घाल."

मला हसू आलं नाही. पाणी काठीवाल्याच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. वर्गात आणखी एक गोष्ट सांगितली होती: कोडपुढे रेषेचा आकडा लावायचा. एक, दोन, तीन. मी तो वापरला नव्हता, कारण आमच्याकडे नावं होती. पण आकडा लावला तरी तो ओरडायचा कोणी आणि कशावरून? एकच माणूस ओलांडत राहिला की दर खेपेला पुन्हा ठरवणं आलं.

"दुसरा प्रिझम कुठाय?" मी विचारलं.

"पेटीत."

"काढ."

"तो नवीन आहे."

तो नवीन नव्हता. कधीतरी मशीनबरोबर दोन प्रिझम आले होते. एक वापरात, दुसरा चांगला म्हणून जपून ठेवलेला. दर दसऱ्याला त्याला झेंडू वाहायचे आणि पेटी बंद करायची. उघडली तेव्हा मखमलीवर हळदकुंकू होतं. प्रिझमवर ओरखडासुद्धा नव्हता.

"एक माणूस, एक काठ," मी काठीवाल्याला म्हटलं, आणि तो प्रिझम जादा काठीला लावून पार्टीतल्या आणखी एकाच्या हातात दिला. "तू खाडीच्या बाजूने, तुझा आकडा एक. हा दुसरा रुळांच्या बाजूने, त्याचा दोन. कोणी ओलांडायचं नाही. नाला कुठेही वळू दे, तुमचा आकडा तुमच्याबरोबर. तळाचे ठिपके दोघांनी आपापल्या बाजूचे घ्यायचे."

"आणि मी?" मशीनमागून प्रश्न आला.

"तू कोणता माणूस दिसतोय ते बघायचं. ठाणे कुठे आहे ते बघायचं नाही."

त्याला हे आवडलं नाही. ते त्याच्या मानेवर दिसत होतं. पण त्याने मशीन फिरवलं. काठीवाले निघाले. "एक!" "दोन!" पाणी गुडघ्याला आलं. काठ सोडू नका, असं मी दोनदा ओरडले. एका ठिकाणी रुळांकडच्या माणसाला भिंतीपाशी कशाला तरी धरून उतरावं लागलं आणि काठी जवळजवळ हातातून सुटली. कारखान्याचा वॉचमन वरून विचारत होता, काय हरवलंय का. शेवटचा ठिपका घेतला तेव्हा दोघांच्या मांड्या भिजल्या होत्या आणि तळ कुठेच दिसत नव्हता. तिथेच फाइल लॅपटॉपवर घ्यायची तर बॅटरी संपत आलेली. वळणापर्यंतचं काल बरोबर होतं, त्याला हे जोडून जेमतेम दोन रेषा दिसल्या आणि पडदा काळा झाला.

"दिसल्या?" त्याने विचारलं.

"दिसल्या."

"छेदत होत्या?"

"नीट बघायला मिळालं नाही."

तिथून आम्ही थेट अंधेरीला गेलो. साहेब आधीच येऊन बसले होते. त्यांनी माझ्या साडीवरच्या चिखलाकडे पाहिलं. मोठ्या पडद्यासमोर त्या कंपनीची एक तरुण इंजिनीअर बसली होती. दोन्ही दिवसांच्या फाइली मशीनमधून निघाल्या तशाच मी तिला दिल्या आणि कालचं वळणानंतरचं का घ्यायचं नाही, तेही सरळ सांगितलं. साहेबांनी मान माझ्याकडे वळवली. ती म्हणाली, ठीक आहे, बघू.

तिने बटण दाबलं. आधी ठिपके आले. मग रेषा धावल्या, रुळांपासून वळणापर्यंत, वळणातून भिंतीच्या कडेने. दोन्ही आपापल्या बाजूने गेल्या. मग जमीन आली, आणि तिच्यात नाला होता, मोकळा, शेवटपर्यंत.

मी श्वास सोडणार एवढ्यात ती म्हणाली, "एक मिनिट. हे झाड नाल्याच्या आत कसं?"

दोन रेषांच्या मधे, पाण्यात, एक झाड उभं होतं. मला ते माहीत नव्हतं. घाईत चुकीचा कोड पडला असेल, असंच मला वाटलं. "काढून टाकतो," असं साहेब म्हणायच्या बेतात होते. मी पार्टीप्रमुखाकडे पाहिलं. तो भिजलेल्या पँटमध्ये दाराशीच उभा होता, कारण खुर्च्या पांढऱ्या होत्या.

"आहे ते झाड," तो म्हणाला. "उंबर. भिंतीतून निघालाय आणि आडवा नाल्यात वाढलाय. त्यालाच धरून आमचा माणूस खाली उतरला. विश्वास नसेल तर चला, आत्ता दाखवतो. फक्त ओहोटी होऊ दे."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या चपलांकडे. आणि झाडापाशी पडद्यावर एक खूण केली. "मग भिंतीच्या डिझाइनमध्ये हे धरावं लागेल," ती म्हणाली. "बरं झालं कोड केलात."

साहेब बाहेर जाऊन फोनवर बोलले. काचेतून ऐकू येत नव्हतं. परत आले आणि पार्टीप्रमुखाला म्हणाले, "सोमवारी भांडुपचा रस्ता आहे. माणसं तीच ठेव."

त्याने मान हलवली. खाली रिक्षाची वाट बघताना त्याने मला विचारलं, "रस्त्याला किती रेषा लागतील?"

"दोन्ही कडा, मधला दुभाजक, गटारं. सहा तरी."

"आणि प्रिझम दोन."

"दोनच."

"मग आकडे कसे वाटायचे?"

"ते तू ठरव," मी म्हटलं. "सोमवारच्या आत. आणि मला लिहून दे."

"गो बाय," तो म्हणाला, आणि पुढच्या रिक्षाला हात केला. रिक्षावाला विचारत होता, कुठल्या बाजूला जायचंय.