साइडलाइनवरचं मराठी

रविवारी सकाळी आमच्या मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या घरात भांडण असतं. नवरा-बायकोचं नाही, माझं आणि माझ्या मित्राचं. तो हाडांचा डॉक्टर, मूळचा ठाण्याचा, दोन गल्ल्या पलीकडे राहतो. मी पुण्याचा, आयटीतला. भांडणाचा विषय ऐकलात तर हसाल: अमेरिकेतल्या कॉलेजांचं फुटबॉल. मी तिकडे दोन वर्षं एमएस करायला होतो, तेव्हा हे खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच. तिकडच्या शनिवार संध्याकाळच्या मॅचेस इथे रविवारी सकाळी दिसतात, त्यामुळे वेळही सोयीची. डॉक्टरला हे व्यसन मी लावलं, आणि आता तो मलाच शहाणपण शिकवतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना एवढंच सांगतो, की सगळी मदार क्वार्टरबॅकवर असते. बॉल त्याच्या हातात येतो आणि दोन-तीन सेकंदांत कुणाकडे फेकायचा ते त्याला ठरवावं लागतं. काय करायचं ते कोच आधी सांगून ठेवतो, पण समोर वेगळंच दिसलं तर क्वार्टरबॅक बेत बदलू शकतो. आमचं भांडण नेमकं इथलं. बॉल भलत्याच्या हातात गेला की मी म्हणणार, "कोच बिनडोक आहे." डॉक्टर म्हणणार, "अरे, कोचनं येऊन फेकला का बॉल?" मग विषय रिक्रूटिंगवर घसरायचा. कुठल्या शाळेतला पोरगा कुठल्या कॉलेजनं उचलला आणि का उचलला. अठरा-एकोणीस वर्षांच्या, कधी न भेटलेल्या पोरांबद्दल आम्ही चहाचे घोट घेत असे निकाल द्यायचो की विचारू नका. "याच्यात दम नाही." "बसवा याला बाहेर." त्या पोरांचे आई-बापही कुठेतरी बसून हीच मॅच बघत असतील, हे माझ्या मनात कधी आलं नाही.

आमची मुलगी या आरडाओरड्यातच वाढली. चौदाव्या वर्षी तिनं जाहीर केलं की ती फ्लॅग फुटबॉल खेळणार. यात कुणाला अंगावर धावून पाडायचं नसतं, कमरेला लावलेली पट्टी ओढली की खेळ थांबतो. एका बाजूला पाचच जणी. वर्षभरात ती टीमची क्वार्टरबॅक झाली, आणि मी ऑफिसात पेढे वाटले. पेढे कशाचे हे ऑफिसातल्या कुणाला धड समजलं नाही, पण खाल्ले सगळ्यांनी.

मग मी मैदानाच्या कडेला, साइडलाइनवर उभा राहायला लागलो. उभा राहायला म्हणजे काय, नाचायलाच. माझी एक युक्ती होती आणि तिचा मला भयंकर अभिमान होता. मी मराठीतून ओरडायचो. "डावीकडे मोकळी आहे!" "थांब, थांब, घाई नको!" "लांब फेक, लांब!" समोरच्या टीमला ओ की ठो कळायचं नाही. मला वाटायचं, अमेरिकेतल्या मोठमोठ्या कोचना असला गुप्त मार्ग सापडला नसता. बायको दंडाला चिमटा काढून म्हणायची, "अरे, लोक बघतायत." मी म्हणायचो, "बघू देत की. कळतंय कुणाला?"

गेल्या वर्षी आमची टीम फायनलला पोचली. शेवटची काही सेकंदं, आम्ही थोडक्यात मागे, एक चांगला थ्रो आणि कप आमचा. मुलीनं बॉल घेतला, डावीकडे वळली, मग एकदम फिरली आणि उजवीकडे फेकला. तिथे समोरच्या टीमची एक मुलगी आधीच पळत आली होती. तिनं तो हवेतच पकडला. खेळ खलास.

मी तडक कोचकडे गेलो. कोच म्हणजे पेशानं इलेक्ट्रिशियन, आठवड्यातून दोन संध्याकाळी पदरचा वेळ घालून मुलींना शिकवणारा माणूस. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. उजवीकडे त्यांच्या दोघी उभ्या असताना तिकडे फेकायला सांगितलंच कसं? त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, मैदानाच्या टोकाला एकट्या बसलेल्या माझ्या मुलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "फेअर इनफ, मेट. दॅट्स ऑन मी." झालं! पुढचे तीन रविवार मी डॉक्टरला हेच ऐकवत होतो: बघ, कोचनं स्वतः कबूल केलं. डॉक्टर एरवी गप्प बसणाऱ्यातला नाही, पण या विषयावर तो नुसता चहा ढवळत राहायचा.

यंदा अमेरिकेतून मेल आली. तिकडच्या काही कॉलेजांत आता मुलींच्या फ्लॅग फुटबॉल टीम्स आहेत. मुलीनं आम्हाला न सांगता एका लहानशा कॉलेजला स्वतःचे व्हिडिओ पाठवले होते. तिथल्या कोचबाईंना क्वार्टरबॅक हवी होती. जागा एक, आणि त्यांना हिच्याशी बोलायचं होतं. हिला दुसरं काही नकोच होतं. इथल्या युनीचे, म्हणजे युनिव्हर्सिटीचे, फॉर्म तिनं भरले, पण तोंड वाकडं करून. रात्रंदिवस तोंडात त्या एकाच कॉलेजचं नाव.

शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल ठरला. आता रिक्रूटिंग म्हटल्यावर मी गप्प बसतो काय? मी जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, तिथे तिच्या ट्रॉफ्या मांडल्या. तिला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. त्या काय विचारतील आणि आपण काय सांगायचं, याची दोन पानं टाइप केली. बायको हे सगळं बघत होती. म्हणाली, "कांदेपोहे टाकू का?"

"चेष्टा करू नकोस," मी म्हणालो.

"नाही, मुलगी बघायला येतायत म्हणून विचारलं."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि मुलीच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो.

कोचबाई मोकळ्या स्वभावाच्या निघाल्या. त्यांनी मुलीला विचारलं, शाळेत कुठला विषय आवडतो? मी सांगितलं, मॅथ्स. टीम हरत असली की तू काय करतेस? मी सांगितलं, ती डोकं शांत ठेवते. सकाळी लवकर उठायची सवय आहे का? तेही मीच सांगितलं, आणि धादांत खोटं सांगितलं. मुलगी टेबलावरच्या दोन पानांकडे बघत बसली होती. मग कोचबाई म्हणाल्या, त्यांनी फायनलचा व्हिडिओ पाहिलाय. तो शेवटचा थ्रो. त्याबद्दल जरा सांग.

माझी तयारी होतीच. मी सुरू झालो, की मुळात तिथलं कोचिंगच...

"बाबा, स्टॉप."

मी थांबलो. ती कोचबाईंशी इंग्लिशमध्ये बोलायला लागली, हळू, एकेक वाक्य तोलत. कोचनं डावीकडे फेकायला सांगितलं होतं. डावीकडची मैत्रीण मोकळी होती, ते तिला दिसलं होतं. ती फेकणारच होती. "देन माय डॅड येल्ड, राइट, राइट. इन अवर लँग्वेज. सो आय टर्न्ड."

ती पुढे म्हणाली, की जिनं बॉल पकडला तिच्याही घरी हीच भाषा बोलतात. मॅच संपल्यावर हात मिळवताना तिनं हिला हसत मराठीतून सांगितलं होतं, "काकांना थँक यू सांग."

माझ्या कानशिलात कुणी वाजवली असती तरी परवडलं असतं. मी 'उजवीकडे' ओरडलो होतो हे मला आठवतसुद्धा नव्हतं. मी दर मिनिटाला काहीतरी ओरडत असायचो, त्यातलं काय काय लक्षात ठेवणार? आणि वेरिबीत! जिथे भाजीच्या दुकानात मराठी, ट्रेनच्या प्लॅटफॉर्मवर मराठी, तिथे मी मराठीला गुप्त भाषा समजत होतो.

"बट आय थ्रू इट," मुलगी म्हणाली. "माझाच थ्रो होता तो."

कोचबाईंनी मला अगदी अदबीनं विचारलं, सर, आम्हा दोघींना दहा मिनिटं द्याल का? मी माझ्याच घरातल्या टेबलावरून उठलो आणि किचनमध्ये गेलो.

बायकोनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. पण ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही मला बघायला आलात तेव्हा तुझ्या आईनं विचारलं होतं, लग्नानंतर नोकरी करायची इच्छा आहे का. मी तोंड उघडायच्या आत माझे बाबा म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं."

मला ते आठवलं. मला तेव्हा ते उत्तर फार आवडलं होतं, हेही आठवलं.

"तुला काय म्हणायचं होतं?" मी विचारलं.

"वीस वर्षांनी विचारतोयस," ती म्हणाली आणि बाहेर कपडे वाळत घालायला गेली.

कोचबाईंनी नाही म्हटलं नाही, पण हो पण म्हटलं नाही. त्यांनी मुलीला विचारलं होतं, इथे बाबा नसतील, तेव्हा तू कुणाचं ऐकशील? हिनं सांगून टाकलं, मला माहीत नाही. तेव्हा त्यांनी एक आख्खी मॅच मागितली, काटछाट न केलेली, आवाजासकट. ती बघून ठरवणार होत्या. मी मुलीला म्हणालो, "अगं, तेव्हाच का नाही सांगितलंस मला?" ती म्हणाली, "तू आधीच कोचला ओरडून आला होतास. कोच म्हणाला, लीव्ह इट, ही इज युअर डॅड."

पुढच्या प्रॅक्टिसला मी लवकर गेलो. तो इलेक्ट्रिशियन एकटाच मैदानात खुणेचे प्लॅस्टिकचे कोन मांडत होता. मी माफी मागितली. लाज वाटत होती. त्यानं शेवटचा कोन ठेवला, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "नो वरीज, मेट." मग जरा थांबून, "पण पुढच्या मॅचला तोंड बंद." त्यानं एवढे सौम्य शब्द वापरले नव्हते, ते मी इथे वापरतोय.

मॅचच्या दिवशी वारा सुटला होता. बायकोनं फोन स्टँडवर लावला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. मी तिच्या शेजारी, हात खिशात. मी 'ब्र' जरी काढला असता तरी तो अमेरिकेत ऐकू गेला असता.

पहिल्याच खेळीला मुलीनं बॉल घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. अर्धा सेकंद, फार तर. सवयच ती. डावीकडची मुलगी मोकळी होती, मला स्वच्छ दिसत होतं, शब्द ओठावर आला होता. मी जीभ दाताखाली धरली. तिनं उशिरा फेकला, बॉल जमिनीवर. दुसऱ्या खेळीला तिनं पुन्हा पाहिलं. या वेळी मी खाली बघितलं, माझ्या बुटांकडे. एक बाप म्हणून एवढं अवघड काम मी आयुष्यात केलं नाही. तिसऱ्या वेळी तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. बॉल घेतला, एक पाऊल मागे गेली, थांबली, आणि मला न दिसलेल्या एका मुलीकडे फेकला. तिच्यापुढे मैदान मोकळं. पुढच्या पाऊण तासात तिची नजर एकदाही साइडलाइनकडे वळली नाही. लोक म्हणतील मला अभिमान वाटला असेल. वाटला, नंतर. आधी नुसतं वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि मी बायकोचा हात धरून उभा राहिलो.

मॅच आम्ही हरलो. परत येताना बायको मागे बसली होती, मुलगी पुढे, माझ्या शेजारी, पाय वर घेऊन, गुडघ्यावर गवताचे डाग. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती काचेबाहेर बघत म्हणाली, "बाबा, तू ओरडला नाहीस ना, तेव्हा मला सॉलिड भीती वाटली. आय केप्ट वेटिंग फॉर इट."

"मग?" मी विचारलं.

"देन आय स्टॉप्ड वेटिंग," ती म्हणाली, आणि भूक लागलीये, घरी काय आहे, असं आईला विचारायला लागली.

कॉलेजची होकाराची मेल तीन आठवड्यांनी आली. पण मुलगी जाणार हे मला त्या सिग्नललाच कळलं होतं.