दोन्ही हातांना चालणारी मूठ

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याकडेच निघालो होतो. बगलेत पेपर होता. शेवटचे दोन महिने मी रोज सकाळी गारखेड्याला त्याच्या घरी जायचो आणि त्याला पेपर वाचून दाखवायचो. त्याची मुलगी वैशाली फोनवर एवढंच म्हणाली, "काका, आता पेपर आणू नका." मी पेपर टेबलावर ठेवला आणि गेलो.

पुढच्या आठवड्यात नेमबाजीच्या क्लबातल्या मुलांनी शोकसभा घेतली. तिची हकिकत पेपरच्या याच पुरवणीत छापून आली. डावखुऱ्या धाकट्या भावाला उजव्या हातानं नेम धरायला शिकवणारा, पोटाला चिमटा घेऊन त्याच्यासाठी परदेशी पिस्तूल आणणारा थोरला भाऊ, असं माझं वर्णन त्यात होतं. सभेत मी मान खाली घालून बसलो होतो, लोकांना ते दुःख वाटलं. दुःख होतंच, पण मान त्यासाठी खाली नव्हती. मधू माझ्यापेक्षा कितीतरी चांगला नेमबाज होता आणि त्याचा हात मी निकामी केला. पंचाहत्तरी ओलांडल्यावर, तो ऐकायला उरला नाही तेव्हा, मी हे लिहितो आहे.

माझा जन्म पोलीस ॲक्शनच्या वर्षातला. मधू माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, निजामाच्या तहसील कचेरीत कारकून होते. उजवीकडून डावीकडं उर्दू लिहिण्यात तरुणपण गेलेल्या त्या माणसाला चाळिशीत डावीकडून उजवीकडं मराठी फायली लिहाव्या लागल्या. तो हात त्यांनी मुकाट्यानं वळवला. त्याचाच राग असेल कदाचित, मधूनं डाव्या हातात पेन्सिल धरलेली दिसली की ते आखणीच्या रुळानं त्याच्या बोटांवर मारायचे. मधू उजव्या हातानं लिहायला शिकला, जेवायला शिकला. पण गोट्या खेळताना, चिंचा पाडताना डावा हात आपोआप पुढं यायचा, तिथं वडील नसायचे. आम्ही पोरं दहा दगड मारायचो आणि चिंचेचा आकडा पडायचा तो मधूच्या दगडानं.

मी शाळेत मास्तर झालो आणि छावणीच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या क्लबात जाऊ लागलो. एक रिटायर्ड सुभेदार तो क्लब चालवायचे. दहा मीटरवर कागदी निशाणा, त्यात काळा गोल, एका हातानं हवेचं पिस्तूल सरळ धरायचं आणि दुसरा हात खिशात. क्लबाकडं एकच पिस्तूल होतं, जुनं, साध्या लाकडी मुठीचं. तीन वर्षं मी त्यावर घाम गाळला. एका रविवारी मधू सायकलवर माझ्या मागं बसून नुसता बघायला आला. तोवर त्याला चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून नोकरी लागली होती. सुभेदारांनी गंमत म्हणून पिस्तूल त्याच्या हाती दिलं. त्यानं ते डाव्या हातात घेतलं आणि दहा छर्रे मारले. सुभेदारांनी कागद काढून आणला, चष्मा कपाळावर सरकवून निरखला आणि माझ्याकडं वळले.

"मास्टर, तीन साल से तू क्या कर रहा था रे? तेरा छोटा तो पैदाइशी है!"

सगळे हसले. मधूही हसला, मग माझं तोंड बघून घाईघाईनं म्हणाला, "तुक्का लागला ओ साहेब. दादाचं बघून बघूनच शिकलोय."

तुक्का नव्हता. वर्षभर दर रविवारी तेच झालं. मी डायरीत श्वासाच्या, उभं राहण्याच्या नोंदी करायचो. हा ड्यूटीवरून तेलकट हातानं यायचा, कागदाच्या मधोमध भोकं पाडायचा आणि मला विचारायचा, "दादा, माझं काय चुकतंय सांग की." तो खरंच विचारायचा. मी काहीतरी चूक काढून द्यायचो.

क्लबाचं पिस्तूल दमलं होतं, छर्रा कधी वर तर कधी खाली जायचा. त्यात राज्य स्पर्धेसाठी आपल्या जिल्ह्यातून एकच नाव जाणार असं कळलं. मग आम्ही दोघांत मिळून एक पिस्तूल घ्यायचं ठरवलं. दोन घेण्याची ऐपत नव्हती, नवं घेण्याचीही नव्हती. मधू ओव्हरटाइम करू लागला, मी शिकवण्या धरल्या. कुठलं घ्यावं यावर महिनाभर खल चालला. सुभेदार म्हणायचे, "नळी सब की अच्छी रहती. जो पैसा है, वो मूठ देख के लगाओ. मूठ हाथ को लगी तो आधा काम हो गया." मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडं जुनी परदेशी पिस्तुलं असतात असं कळल्यावर मी त्याला इंग्रजीत पत्र लिहिलं. पत्ता शाळेचा दिला.

उत्तर आलं ते मी संध्याकाळी ओट्यावर बसून मधूला वाचून दाखवलं. इंग्रजी त्याला जेमतेम यायचं, दहावीत त्याच विषयात तो एकदा अडकला होता. पत्रात दोन पिस्तुलं होती. दोन्हींची बनावट एकच, नळी एकच, ट्रिगर एकच. एकाची मूठ उजव्या हातासाठी कोरलेली होती, बोटांच्या खाचा, अंगठ्याला टेकण, तळहाताखाली पट्टी. दुसऱ्याची मूठ साधी, दोन्ही हातांना चालणारी, आणि म्हणून ते बऱ्यापैकी स्वस्त. आम्हा दोघांसाठी, आमच्या खिशासाठी ते जणू मुद्दाम ठेवल्यासारखं होतं. त्या एका परिच्छेदावर माझी नजर थांबली आणि तो न वाचता मी पुढचा परिच्छेद वाचू लागलो.

मधू माझ्या खांद्यावरून त्याच कागदाकडं बघत होता.

"एकच हाय का त्यांच्याकडं?"

"एकच."

"उजव्या हाताचं?"

"सगळी तशीच असतात रे. डाव्याचं कोण बनवतंय?"

त्यानं कागदावरून नजर काढली. मग म्हणाला, "असू दे. माझ्यापायी तुझं नको अडायला. आण्णांनी लिहायला लावलंच ना उजव्यानं? तसंच हे पण."

मला त्या क्षणी नेमकं काय वाटलं ते लिहायचं ठरवूनच मी बसलो आहे. मला हायसं वाटलं.

पिस्तूल आलं. मधूनं ते आधी डाव्या हातात घेऊन पाहिलं. खाचा उलट्या बाजूनं तळव्यात रुतल्या, खालची पट्टी मनगटाच्या हाडाला लागली. "डाव्या पायात उजवी चप्पल घातल्यावानी लागतंय," म्हणत तो हसला. चार दिवसांनी कारखान्यातून सागवानाचा एक ठोकळा घेऊन आला. फिटर माणूस होता तो, दोन रविवारांत त्यानं डावी मूठ घडवली असती. मी म्हणालो, "कंपनीची मूठ काढली तर स्पर्धेत बाद करतात." असा कुठलाही नियम नव्हता. त्यानं ठोकळा माझ्या बायकोला दिला, "वैनी, दाराला अडकण करा." आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला तो पुढं कित्येक वर्षं होता.

मग त्यानं उजव्या हातानं सुरुवात केली. पहिल्या महिन्यात छर्रे कागदाबाहेर जायचे. पोरं चिडवायची, "मधुकरराव, भिंतीला किती मार्क?" तो डावा डोळा मिटायचा तर नेम लागेना, उघडा ठेवायचा तर दोन निशाणे दिसायचे. त्याचा चांगला डोळा डावा होता, हे मला ठाऊक होतं. मी मागं उभा राहून कोपर सरळ कर, खांदा पाड, असं सांगायचो. सगळ्यांना दिसायचं की मास्तर भावावर किती मेहनत घेतात. निवड चाचणीला तो खालून तिसरा आला. नाव माझं गेलं. राज्य स्पर्धेत मला ब्राँझ मिळालं, त्याचा फोटो छापून आला. फोटोत माझ्या मागं पिस्तुलाची पेटी छातीशी धरून मधू उभा आहे, आणि पदक त्यालाच मिळाल्यासारखा हसतो आहे.

स्पर्धेवरून परतल्यावर सुभेदारांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "इस का हाथ किसने बदला?"

"वडिलांनी," मी म्हणालो. वडील वारून तेव्हा पाच वर्षं झाली होती.

पुढं कधीतरी, मधूचं लग्न होऊन वैशाली शाळेत जायला लागल्यावर, त्याला बोनस मिळाला. तो मला भेटायला शाळेत आला, मधल्या सुट्टीत, कपडे बदलून. म्हणाला, "दादा, एक जुनं डाव्या मुठीचं असंल तर बघतोस का? लई भारी नको." त्या वेळी मी स्पर्धा सोडल्या होत्या. माझं काहीच जाणार नव्हतं. तरी मी म्हणालो, "या वयात हात बदलायचा? लोक हसतील. त्यापेक्षा स्कूटर घे, पोरीला शाळेत सोडायला होईल." त्यानं स्कूटर घेतली. पहिली चक्कर मला मारून आणली... डाव्याचं बनवतच नाहीत, असं मी त्याला पूर्वी सांगितलं होतं. ते त्या दिवशी त्यानं काढलं नाही, आणि मी विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. वडिलांनी मारून शिकवलेला, मी फसवून शिकवलेला हात गादीवर पडून राहिला. जीभ जड झाली, पण बोलणं कळायचं. एकदा मी पेपर वाचत असताना त्यानं टीव्हीचा रिमोट डाव्या हातात उचलला, हात सरळ केला आणि समोरच्या कॅलेंडरवर रोखला. मी वाचायचा थांबलो. सत्तरी पार केलेला आजारी माणूस, पण तो हात हलत नव्हता. श्वासाबरोबरही नाही. मग त्यानं अंगठ्यानं बटण दाबलं, माझ्याकडं पाहिलं आणि वाकड्या तोंडानं म्हणाला, "दा...दा. तू पिस्तूल... घेऊन दिलंस." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या वेळी मी सांगायला हवं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, दारही लोटलेलं होतं. मी चष्मा पुसला आणि पुढची बातमी वाचायला घेतली. जायकवाडीतल्या पाणीसाठ्याची होती.

चौदावा झाल्यावर वैशालीनं मला बोलावलं. घराला रंग द्यायचा म्हणून बाजूच्या खोलीतलं सामान हलवलं होतं. कपाट सरकवल्यावर मागच्या भिंतीवर रुपयाएवढा काळा ठिपका निघाला होता, डोळ्यांच्या उंचीवर. समोर फरशीवर ऑइलपेंटनं दोन पावलांच्या आकृत्या काढलेल्या होत्या, टाचांपाशी पुसट झालेल्या.

"काका, हे काय आहे हो? तुम्हाला माहीत असंल. मी लहान असताना पप्पा रोज सकाळी इथं उभे राहायचे, हात लांब करून, इस्त्री धरून. आम्हाला वाटायचं व्यायाम आहे. नंतर कपाट आलं, मग ते गच्चीवर जाऊ लागले. आजारी पडेपर्यंत जायचे."

"कुठल्या हातात धरायचे?"

"डाव्या."

मला विचारायची गरज नव्हती. भिंतीच्या बाजूचं पाऊल डावं होतं. डाव्या हातानं नेम धरणारा माणूसच असा उभा राहतो. मी तिथल्या खुर्चीवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. पत्र, वगळलेला परिच्छेद, नसलेला नियम, स्कूटर. ती उभ्यानंच ऐकत होती, हातात फडकं होतं.

"पप्पांना हे माहीत होतं?"

"मला ठाऊक नाही."

"दोन महिने रोज येत होतात काका. धरणात पाणी किती, कांद्याला भाव काय, सगळं वाचून दाखवलंत त्यांना. हे एवढंच राहिलं?"

"धीर झाला नाही गं."

"मग आता मला सांगून मोकळे झालात. मी कुणाला सांगू?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुमचं कौतुक जिथं छापून आलं ना, तिथंच हे पण लिहा. मला नका सांगू. आणि आता येत जाऊ नका."

ती चहाला म्हणाली नाही. मी चपला घातल्या.

त्याला तीन आठवडे झाले. मी सकाळी फिरायला अजून त्याच रस्त्यानं जातो, दुसरा रस्ता आहे तरी. त्या खोलीची खिडकी रस्त्याकडं उघडते. घराला रंग देऊन झाला आहे, बाहेरून पिवळा, आतून पांढरा. एक भिंत मात्र तिनं तशीच ठेवली आहे, जुनी, निळसर, आणि कपाट काही परत तिथं लावलेलं नाही. मी कुंपणापाशी थांबतो, चष्मा पुसतो, एक डोळा मिटून बघतो. दहा मीटरसुद्धा अंतर नसेल. ठिपका तिथं असणार, पण मला दिसत नाही. आतून कुणीतरी आलं की मी पुढं चालू लागतो.