धाकटी भांडेनाशी झाली

पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात मी माहेरी आले. आमचं गाव हिंगोलीकडच्या गोरेगावपासून थोडं आत. घरी शेळ्यामेंढ्या, थोडी शेती, माय, वडील आणि अकरावीतली धाकटी बहीण. आराम होईल म्हणून सासरच्यांनी धाडलं, पण मला एका जागी बसवेना.

पहिल्या दिवशी मी तिची उशी घेतली आणि ती भांडली नाही. चादरीची घडी डोक्याखाली घेऊन भिंतीकडं तोंड करून पडली. तिथून माझं लक्ष तिच्यावरच. कॉलेजातून यायची आणि न जेवता झोपायची. कधी डोकं दुखायचं, कधी पोट. केसांना फणी नाही. मायनं साधं काही विचारलं की अंगावर जायची, लगेच डोळे भरायचे. खो-खोला तालुक्यापर्यंत खेळलेली पोरगी मैदानाचं नाव काढू देईना.

"वयच तसं असतंय," माय म्हणाली. "तू न्हाई का फुगून बसायचीस?"

फुगायचे, पण दोन दिवसांत हसायचेही. हिचं तसं नव्हतं. आई मेलेलं एक करडू तिनं बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. ते पायाशी येऊन ओरडत राहिलं, तरी ती नुसती बघत होती. शेवटी मीच जड अंगानं उठून बाटली भरली. त्यानंतर ती विहिरीकडं निघाली की मी काहीतरी निमित्त काढून मागं जायचे.

मग शेजारच्या पोरीच्या पायात धाकटीचे खेळायचे बूट दिसले. "ताईनंच दिले," ती म्हणाली. "आता मला लागायचे न्हाईत म्हणली."

त्या बुटांना ती कधी कुणाला हात लावू द्यायची नाही. तशीच गोठ्यामागं गेले. धाकटी बाभळीखाली बसली होती. मी शेजारी टेकले आणि सरळ विचारलं, "खरं सांग. मरावं वाटून राहिलंय का तुला?"

शब्द तोंडातून गेले आणि वाटलं, नको ते आपणच तिच्या डोक्यात घातलं की काय. ती गवताची काडी मोडत राहिली.

"रोज न्हाई," ती म्हणाली.

मी तिचा हात घट्ट धरला.

"कुणी काई केलं न्हाई, अक्का. काहून होतंय, मला बी कळत न्हाई. सगळंच जड वाटतंय. मायला सांगितलं तर म्हणंल, नाटकं करून राहिली."

तिला सांगूनच मी घरात विषय काढला. माय आधी चिडली. "पोरीला येडी ठरवू नको. उद्या हिला कोण करून घेईल?" मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. वडील एवढंच म्हणाले, "सकाळी मी मेंढ्या सोडत न्हाई. जीपनं हिंगोलीला जाऊ."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला बाहेर बसवलं आणि तिच्याशी एकटीशी बोलल्या. मला बाकावर बसवेना, मी व्हरांड्यात येरझारा घालत होते. नंतर बाईंनी आत बोलावलं. हा नैराश्याचा आजार आहे, नाटक नाही आणि वेडही नाही, त्या म्हणाल्या. या वयात तो पुष्कळदा रडण्यापेक्षा चिडचिडीतून दिसतो. औषध नेमानं द्या, बोलायला घेऊन येत जा, सध्या एकटं सोडू नका. शेवटी विचारलं, "घरात फवारणीचं औषध असतं का?"

घरी आल्या आल्या वडिलांनी त्याचे डबे उचलले आणि चुलत्यांच्या घरी कुलपात ठेवून आले.

एकदम काही बदललं नाही. मला मुलगी झाली त्या दिवशीही धाकटी कोपऱ्यात बसून होती. हळूहळू मायला सांगायला लागली, "आज बरं न्हाई." आणि मायही "काय झालंय तुला?" म्हणायचं सोडून जवळ बसायला लागली. पुढं ती नेमानं कॉलेजला जाऊ लागली.

मी सासरी परतले, पण जीव तिकडंच. दिवसातून कितीदा तरी फोन लावायचे. एकदा ती वैतागलीच. "अक्का, सारखी पाळत ठेवू नको. जड झालं तर मीच फोन करीन."

परवा भरदुपारी तिचाच फोन आला. "आज जड हाय," म्हणाली. भाकरी तव्यावर होती. मी गॅस बंद केला आणि खाली बसले.