वसईला नेलेला कॅन

माझ्या सासऱ्यांनी वसईचा किल्ला चाळीसेक वर्षं बघितला, पण खाडीच्या अलीकडून. लग्नानंतर ते भाईंदरच्या खाडीकाठी मोरव्यात भाड्याच्या खोलीत राहायला आले आणि तिथल्याच एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला लागले. सुटीच्या दिवशी खाडीवर जाऊन बसायचे. पलीकडे ताडांची काळपट रांग दिसायची, मधूनच तटाचा तुकडा. एकदा जाऊन येऊ, असं ते दरवेळी म्हणायचे. पाण्यावरून दोन-तीन किलोमीटर असेल. तेवढं जवळ होतं म्हणूनच राहून गेलं.

पुढे त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि शौचावरचा ताबा सुटला. कळ आली की लगेच बसावं लागायचं, आणि ती केव्हा येईल याचा नेम नसायचा. तोवर आम्ही पूनम सागर सोसायटीत राहायला आलो होतो. बाबांनी घराबाहेर पडणं सोडलं. सख्ख्या भाच्याच्या लग्नालाही गेले नाहीत. पाणीसुद्धा अर्धा पेला घ्यायचे. एके दिवशी गॅलरीत बसल्या बसल्या म्हणाले, "वसई तेवढी राहिली." त्यात तक्रार नव्हती. महिनाअखेरची शिल्लक वाचून दाखवावी तसा आवाज होता. मला ते ऐकवलं नाही.

माझ्या नवऱ्याची शाळेच्या मुलांची मिनीबस होती. मे महिन्यात ती उभीच असायची. मी म्हटलं, बाबांना शौचालयापासून लांब नेता येत नाही ना, मग शौचालयच बरोबर नेऊ. नवरा हसला, मग विचारात पडला. मोजमापं मी घेतली. मागच्या सीट काढल्या की सहा फूट लांब पलंग बसत होता, त्याच्या पायथ्याशी प्लायवूडची तीन फूट रुंद खोली, आत भोक पाडलेली खुर्ची आणि तिच्याखाली वीस लिटरचा स्टीलचा कॅन, दुधाचा असतो तसा घट्ट झाकणाचा. कॅन बाबांच्या जुन्या कारखान्यातून आणला. त्यांनी झाकण दोनदा लावून-काढून बघितलं आणि पास केलं. धुवायचं पाणी धरून तो दिवसभर पुरेल, असा माझा हिशोब होता.

सोसायटीत चर्चा व्हायचीच. खालच्या मजल्यावरच्या गुजराती वहिनी म्हणाल्या, "भाभी, पलंग डाल दिया, अब फ्रिज भी डाल दो, हम भी आते हैं." खोलीबद्दल मी कोणाला बोलले नाही. बाबांची अट होती, कॅन गोणपाटात गुंडाळून न्यायचा आणि निघायचं ते सोसायटीच्या बाकावर कोणी बसायच्या आत.

आम्ही सकाळीच निघालो. वरसाव्याचा पूल ओलांडताना बाबा पलंगावर उठून बसले. खाली तीच खाडी होती, पण ते तिच्यावरून आडवे कधी गेले नव्हते. पाण्यावरून हाकेच्या अंतरावर असलेल्या गावाला रस्त्याने तीस-एक किलोमीटर पडले.

किल्ला म्हणजे तट आणि चार बुरूज, अशी माझी समजूत होती. आत शिरलो तर ते शहर होतं. बस रस्त्याने सरळ आत गेली, दोन्ही बाजूंना झाडीतून भिंतीमागून भिंती निघत राहिल्या. छप्पर गेलेलं एक चर्च होतं. त्याच्या आत उभं राहून मी मान वर केली. आमची चार मजली इमारत त्यात उभी करता आली असती असं वाटलं, आणि तसा मी अंदाज काढायलाही लागले, पण मध्येच सोडून दिला. वर आभाळ होतं, कमानी नुसत्या उभ्या होत्या, त्यांच्यावर काही नव्हतं आणि तरी त्या पडत नव्हत्या. बाबा माझा हात धरून आले. त्यांनी एका खांबावर तळवा ठेवला, पॉलिश बघायची सवय होती तसा फिरवला, आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

"एवढं होतं इथे," ते म्हणाले. "आणि मी ताड बघत बसलो होतो."

मला मात्र वेगळंच सुचत होतं. इथे हजारो माणसं राहत असतील, तर रोजचं सगळं कुठे जात असेल? एका म्हाताऱ्या माणसाची सोय करायला आम्ही महिना घालवला होता. ते पूर्ण शहर कोणीतरी चालवलं होतं. भिंतींपेक्षा मला त्याचंच जास्त नवल वाटलं.

बाबा खूश होते. त्यांनी ताडगोळे मागून घेतले, एक शहाळं प्यायले, मग दुसरं. घरात अर्धा पेला पाणी पिणारा माणूस तो. माझा हिशोब घरातल्या बाबांचा होता, बसमधल्या बाबांचा नव्हता. दुपारी बघितलं तर कॅन काठोकाठ आला होता. दर्या दरवाजा, म्हणजे खाडीकडे उघडणारा किल्ल्याचा दरवाजा, अजून बघायचा होता. बाबांना खरा तोच हवा होता, कारण भाईंदरहून दिसायची ती बाजू ती.

धक्क्याजवळच्या सार्वजनिक शौचालयाला कुलूप होतं. चावी कोणाकडे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याने हळूच खाडीकडे बोट केलं. भरतीचं पाणी आहे, कोणाला कळणारही नाही, असं त्याचं म्हणणं.

बाबांनी ऐकलं. "चाळीस वर्षं या गावाकडे बघत होतो. पहिल्यांदा दारात आलो आणि हे टाकून जाऊ? बस फिरव. घरी जाऊ."

नवऱ्याने समजावलं, बाबा ऐकेनात. ते पलंगावर आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं. दर्या दरवाजा तिथून दिसत होता. बस फिरवली असती, तर बाबा पुन्हा घराबाहेर पडले नसते.

मी नवऱ्याला म्हटलं, कॅन उचल. एका बाजूने तो, एका बाजूने मी, वर गोणपाट, असे आम्ही कोळीवाड्याच्या वाटेला लागलो. कोणाच्या दारात जाऊन हे कसं विचारायचं, ते मला माहीत नव्हतं. पहिल्याच घरापुढे माझ्याहून थोडी मोठी बाई बोंबील वाळवायच्या वलांडीखाली बसली होती. तिने आमच्याकडे बघितलं आणि मग गोणपाटाकडे.

"झाकलंय कशाला? मासली हाय, मांजर खाईल म्हनून?"

मी सरळ सांगितलं. सासरे आजारी आहेत, शौच आवरत नाही, किल्ला बघायला आणलंय, कॅन भरलाय. घरामागे शौचालयाची टाकी असेल तर रिकामा करू द्याल का?

"मानसाचाच हाय ना? वाघाचा न्हाय?"

"माणसाचाच."

"मंग चल." वाटेत तिने विचारलं, "सासरं चालतंत?"

"थोडे चालतात."

"दरवाजा बघूनच गेलं पायजे त्यांनी. लांबून येतंत लोकं."

आम्ही भाईंदरहून आलो, हे सांगायचं मी टाळलं. मागच्या टाकीचं झाकण तिने स्वतः उघडलं. कॅन रिकामा झाल्यावर मी धुवायला पुढे झाले, तर तिने तो माझ्या हातातून घेतला, विहिरीवर नेला, काथ्याने घासला आणि परत आणून दिला. तो जड होता. मी झाकण उघडलं. आत पाणी होतं.

"आमच्याकडे आहे पाणी," मी म्हटलं.

"ऱ्हाऊं दे. माज्या दारातून भांडं रिकामं जात न्हाय."

ही रीत आमच्याकडेही आहे. शेजारणीची वाटी परत देताना आम्ही निदान चिमूटभर साखर घालतो. पण ती वाटीची असते. मला आधी हसू आलं आणि मग हसता आलं नाही.

बसमध्ये मी बाबांना ती बाई काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. ते भिंतीकडून वळले.

"कुठल्या भांड्याला ती हे बोलली, कळतंय ना तुला?" एवढंच म्हणाले आणि चपला मागितल्या.

दर्या दरवाजाची कमान माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच आहे. बाबा तिच्याखालून माझ्या आणि नवऱ्याच्या मधून चालत बाहेर आले. समोर खाडी, आणि पलीकडे आमचा किनारा. इमारती काड्यापेट्यांसारख्या, त्यांच्या खाली राखाडी रेघ. मोरवा कुठे, ते नवऱ्याला सापडेना. बाबांनी दाखवलं. ज्या बांधावर ते बसायचे त्याची जागासुद्धा त्यांनी बोटाने नक्की केली. तिथून इकडे बघणारा माणूस दिसणं शक्य नव्हतं. तरी ते त्या जागेकडे असे बघत राहिले, जणू तिथे कोणी बसलंय.

परतताना कॅनला काम पडलं, दोनदा. पूनम सागरला पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. बाकावर सगळे हजर होते, खालच्या वहिनीसुद्धा. नवऱ्याने सवयीने गोणपाट उचललं.

"ते राहू दे," बाबा म्हणाले आणि आधी स्वतः उतरले. मी आणि नवरा कॅन दोन्ही कड्यांना धरून त्यांच्या मागून निघालो. वहिनींनी विचारलं, "दादाजी, इसमें क्या लाए वसई से?"

"मेरा ही है," बाबा म्हणाले. "लेके गया था, वापस लाया." आणि जिन्याशी थांबून आम्हाला वाट करून दिली.