भाकरीवरचं काळं बोट

भाकरी उलटताना तिच्यावर माझं काळं बोट उमटलं आणि मी मुरबाडला, सिद्धगडाच्या सावलीतल्या माहेरच्या अंगणात पोचले.

तिथून शहापूरला सासरी निघालो की यांची मोटारसायकल हटकून रुसायची. एरवी एका किकमध्ये चालू! मेकॅनिकलाही दोष सापडेना. हे घामाघूम, आई चुलीशी शांत. "जावयबापू, आता नाय जायचं. जेवून जा." जेवणं झाली की गाडी लगेच चालू. आईच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीवरचा काळा डाग मला तव्याचा वाटायचा.

आज माझ्या अंगणात जावई किक मारून दमलाय. लेक विचारते, "आई, इथे आल्यावरच गाडीला काय होतं गो?"

"जेवून घ्या आधी," मी म्हणते. सैल केलेली प्लगची टोपी नंतर हळूच बसवीन.